थेल्मा बफ्टनची एमजीए

गाडी विकायची जाहिरात छापून आली त्या दिवसापासून थेल्मा बफ्टन गॅरेजचं दार सारखी उघडायची आणि लावायची. मी समोरच राहते. स्वयंपाकघराच्या खिडकीत उभं राहिलं की ती दिसायची. अंगात जुना रेनकोट, हात खिशात. दार उघडायचं, आत डोकावायचं, काहीतरी पुटपुटायचं आणि दार धाडकन लावून घरात जायचं. केटलमधलं पाणी उकळायच्या आत बाई पुन्हा बाहेर.

आत होती १९५९ची एमजीए. दोन सीटांची, उघडी, राखेची झाक असलेल्या फिकट हिरव्या रंगाची. वेल्सच्या सीमेवरच्या आमच्या बिशप्स कासल गावात ती गाडी न ओळखणारा माणूस सापडला नसता. थेल्मा आमच्या भागाची सुईण होती. सरकारनं दिलेली छोटी मॉरिस गाडी तिनं पहिल्याच वर्षी परत केली. 'बाळं वाट बघत नाहीत' असं वरिष्ठांना तोंडावर सांगून तिनं स्वतःच्या पैशांनी ही गाडी घेतली होती. डोंगरातल्या शेतघरांमध्ये कळा सुरू झाल्या की खालच्या वळणावरून त्या इंजिनाचा आवाज यायचा आणि घरातले पुरुष म्हणायचे, आली एकदाची. माझा थोरलाही तिनंच काढला. टोपी मागे सरकवून, गालांवर वाऱ्याचे लाल चट्टे घेऊन आत शिरली होती आणि मला म्हणाली होती, "ओरड गं बाई, लाजू नकोस. इथे मेंढ्यांशिवाय कोण आहे ऐकायला?"

गाडी चालवायची तिनं आणि जपायची हॅरल्डनं. हॅरल्ड बँकेत कारकून होता, सावकाश बोलणारा, सावकाश जेवणारा. त्याला गाडी चालवता येत नव्हती आणि कधी शिकावीशीही वाटली नाही. पण दर शनिवारी तो गाडीखाली असायचा. ग्रीस, मेण, चामड्याला तेल. पाऊस लागून आलेली गाडी पुसून कोरडी केल्याशिवाय तो जेवायला बसत नसे. पस्तीसेक वर्षं हे असं चाललं.

मग थेल्माचे डोळे गेले. पूर्ण नाही. मधला भाग गेला, कडा राहिल्या. तुमच्याकडे बघायचं तर ती तुमच्या कानाच्या बाजूला बघायची, तेव्हा कुठे तुमचं नाक तिला दिसायचं. लायसन्स तिनं स्वतःहून परत केलं, पण किल्ली नाही. ऑगस्टमध्ये हॅरल्ड दाढी करायला गेलेला असताना ती गाडी काढून गावाबाहेर मॅनरच्या वळणापर्यंत गेली आणि सायकलवरचा पोस्टमन तिला दिसलाच नाही. त्यानं उडी मारून गटार गाठलं म्हणून वाचला. पत्रं सगळी भिजली. संध्याकाळी थेल्मानं किल्ली हॅरल्डसमोर टेबलावर टाकली आणि म्हणाली, "विकून टाक. घरात राहिली तर मी पुन्हा नेणार. मला माहीत आहे मी कशी आहे ते."

म्हणजे विकायचं ठरवलं तिनंच. आणि जीवही तिचाच खालीवर होत होता.

पहिला आला तो बर्मिंगहॅमचा एक व्यापारी. खिशातून लोहचुंबक काढून पत्र्यावर जागोजागी लावून बघायला लागला, कुठे खड्डा भरून रंग मारलाय का ते तपासायला. लोखंडी पत्र्यावर चुंबक सगळीकडे घट्ट चिकटत होतं. थेल्मा त्याच्या मागेमागे फिरत होती.

"माझ्या कवळीलाही लावून बघा हवं तर," ती म्हणाली. "ती मात्र खोटी आहे."

तो हसला नाही. नंतर एक जोडपं आलं. गाडीला फिती बांधून लग्नांसाठी भाड्यानं द्यायची होती त्यांना. बाईनं दाराला बाहेरून कडी शोधली. या गाडीला बाहेरून कडी नसतेच, आत हात घालून दोरी ओढावी लागते. थेल्मानं ते सांगितलं नाही. दोघांना दाराशी झटताना बघत ती उभी राहिली आणि शेवटी म्हणाली, "तिला नाही यायचं तुमच्याबरोबर."

"थेल्मा!" हॅरल्ड पायरीवरून ओरडला. ते गेल्यावर तो माझ्याकडे साखर मागायला आला आणि साखर न घेताच परत गेला. जाताना म्हणाला, "हिला विकायची आहे की नाही, एवढंच मला कुणीतरी सांगा."

ऑक्टोबरच्या एका लख्ख सकाळी हेदर क्रॅडक आली. चाळिशी उलटलेली, रुंद खांद्यांची, केस मागे घट्ट बांधलेली. टेलफर्डला बस चालवायची. मैत्रिणीनं तिला चौकात सोडलं आणि ती चढ चालत वर आली. तिनं गाडीभोवती एक चक्कर मारली, हात मागे बांधून, कशालाही न शिवता.

"बस कुठल्या मार्गावर चालवतेस?" थेल्मानं विचारलं.

"स्टेशन, रुग्णालय, बाजार, स्टेशन."

"किती वर्षं झाली?"

"मोजायचं सोडून दिलंय. परवा सुट्टीच्या दिवशी भावाची गाडी घेऊन निघाले तर सवयीनं रुग्णालयापाशीच पोचले. तिथे उभी राहून रडले हो, मिसेस बफ्टन. रुग्णालयासमोर कुणी रडलं तर लोक काही विचारत नाहीत म्हणा."

थेल्मानं दारात हात घातला, दोरी ओढली आणि डाव्या सीटवर जाऊन बसली. "चल."

"अर्ध्या तासात या," हॅरल्ड म्हणाला. "चर्चस्टोकपर्यंत जा आणि वळा. आणि हे बघा, पहिला गिअर गाडी पूर्ण थांबल्याशिवाय—"

"तिला कळतं," थेल्मा म्हणाली. हेदरनं गाडी सुरू करायचं बटण ओढलं, इंजिन खोकलं आणि बोलायला लागलं.

पुढचं मला दोघींकडून कळलं. थेल्मानं तिखटमीठ लावून सांगितलं, हेदरनं न लावता. दोन्ही मिळून जे राहतं ते असं.

चर्चस्टोकला हेदर वळणार, तर थेल्मा म्हणाली, "इथे नको, पुढे जागा चांगली आहे." पुढे गेल्यावर म्हणाली, "चौथ्यात टाक, ती घाबरत नाही. तूच घाबरतेस." न्यूटाउनची पाटी आली. हेदरला कळलं की आपण केव्हाच वेल्समध्ये शिरलोय.

"मिसेस बफ्टन, तुमचे यजमान वाट बघत असतील."

"तो वाट बघण्यात पटाईत आहे. डावीकडे घे."

"आपण जातोय कुठे?"

"तुला घाई आहे? रुग्णालय गाठायचंय?"

हेदर हसली आणि तिनं डावीकडे घेतलं. तिनं मला नंतर सांगितलं, तेव्हा थांबायला हवं होतं हे तिला कळत होतं. पण रस्ता पुढे पुढे सरकत होता आणि कुठल्याही थांब्यावर कुणी हात दाखवत नव्हतं. केस सुटून तोंडावर आले होते. कार्नोच्या पुढे चढ लागला, मग उतार, मग ओढ्याकाठची वळणं. थेल्मा वळण यायच्या आधीच अंग झुकवायची. "आता उजवीकडे आवळ. आता सोड. पुढे पूल, अरुंद आहे." हेदरला वाटलं, बाईंची नजर काय तीक्ष्ण आहे! पेट्रोल भरायला थांबल्या तेव्हा थेल्मा खाली उतरली आणि सरळ खांबावर आपटली. तेव्हा हेदरला कळलं.

"तुम्हाला दिसत नाही?"

"कडेकडेचं दिसतं. खांब मध्ये होता."

हेदरनं फोन काढला. डोंगरात फोन लागत नव्हता. परत फिरायचं तर तेवढंच अंतर, आणि थेल्माला गाठायचा होता तो समुद्र आता जवळ होता. तशा त्या निघाल्या.

इकडे हॅरल्ड फाटकाशी उभा होता. तास गेला, दुसरा गेला. मी त्याला चहा नेऊन दिला, तो कपातच गार झाला. तो रस्त्यापर्यंत जायचा, कान द्यायचा, परत यायचा. गॅरेजमध्ये जाऊन रिकाम्या फरशीवरचा तेलाचा डाग फडक्यानं पुसायचा. जुनाच डाग होता, कशानंही न जाणारा.

"पोलिसांना कळवू या का?" मी म्हटलं.

"काय सांगू? माझ्या बायकोनं गिऱ्हाईक पळवून नेलं म्हणून?" त्यानं फडकं घडी करून ठेवलं आणि पुन्हा उचललं. "मला गाडीची काळजी नाही गं. त्या पोरीनं तिला चालवायला दिली तर?"

नेमकं तेच झालं. समुद्रकिनारी एक जागा आहे, जिथे सपाट वाळूवर गाड्या न्यायला देतात. ओहोटी होती आणि मैलभर ओली, घट्ट वाळू पसरलेली. माणूस एकही नाही. हेदरनं गाडी थांबवली. दोघींनी कागदातले चिप्स खाल्ले. थेल्मानं बोटं रेनकोटला पुसली आणि म्हणाली, "उतर. मी चालवते."

"नाही."

"इथे आपटायला आहे काय?"

"मिसेस बफ्टन, माझं पोट लायसन्सवर चालतं. नाही म्हणजे नाही."

"म्हणजे तूही त्यांच्यातलीच. भित्री." थेल्मा दार आपटून उतरली आणि वाळूवरून तरातरा चालायला लागली. एका मोठ्या डबक्यात घोट्यापर्यंत शिरली तरी थांबली नाही. हेदर मागे पळाली. दंड पकडला तेव्हा कुठे थेल्मा थांबली.

"माझ्याच्यानं एका जागी बसवत नाही गं," ती म्हणाली. "लहानपणापासून नाही. लोकांना घर आवडतं. मला घराची भिंत दिसली की तिच्यापलीकडे काय आहे तेच सुचतं. आता मध्येच सगळं पुसलेलं. भिंतही नाही आणि पलीकडेही नाही. दिवसभर मी त्या पुसलेल्या जागेकडे बघत बसायचं?"

हेदरनं तिला गाडीपाशी परत आणलं. मग म्हणाली, "दुसऱ्या गिअरच्या वर जायचं नाही. मी थांब म्हटलं की थांबायचं. शपथ घ्या."

थेल्मानं शपथ घेतली.

सुरुवात तिनं अगदी शहाण्यासारखी केली. हातांना सगळं आठवत होतं. गाडी पाण्याच्या कडेनं सरळ गेली, मोठं वळण घेऊन परत आली, पुन्हा गेली. थेल्मा गात होती, असं हेदर म्हणते. थेल्मा म्हणते, मी गात नव्हते, ओरडत होते. मग तिसरा गिअर पडला, पाठोपाठ चौथा.

"थांबा! मिसेस बफ्टन, थांबा!"

थेल्मानं ऐकलं. ऐकू आलं नाही असं ती कधीच म्हणाली नाही. तिला थांबायचं नव्हतं. पुढे वाळूचा रंग बदलला होता, नदी समुद्राला मिळते तिथली ती मऊ वाळू, आणि ती होती थेल्माच्या नजरेच्या बरोब्बर मधोमध. हेदरनं हँडब्रेक ओढला तोवर पुढची चाकं रुतली होती. गाडी एकदम बसली. हेदरचं कपाळ काचेच्या चौकटीवर आपटलं. मागची चाकं फिरवून बघितली तर गाडी आणखी खाली गेली.

आणि भरती सुरू झाली होती.

"इथून हलू नका," हेदर म्हणाली. कपाळावरून रक्त ओघळत होतं. "हललात तर तुम्ही मला सापडणार नाही." आणि ती टेकाडापलीकडच्या कॅराव्हॅनच्या, चाकांवरच्या घरांच्या, तळाकडे धावत सुटली.

थेल्मा एकटी राहिली. पाणी किती जवळ आलंय ते तिला दिसत नव्हतं. तिनं डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, कडेच्या नजरेत फक्त चकाकी येत होती. मग आवाज आला, वाळूवरून पातळ पाणी सरकतं तसा. ती उतरली, गुडघ्यांवर बसली आणि हातांनी चाकापुढची वाळू उपसायला लागली. उपसली तेवढी परत भरायची. पाणी मनगटाला लागलं तेव्हा ती उपसायची थांबली. पुढच्या दिव्याला धरून बसून राहिली. "त्या क्षणी मला गाडीचं काही वाटेना," ती मला म्हणाली. "त्या पोरीचं कपाळ आठवत होतं. दुसऱ्यांच्या पोरी मी आयुष्यभर बाळंतपणातून धडधाकट सोडवल्या, आणि हिचं डोकं फोडलं."

तळावरचा माणूस ट्रॅक्टर घेऊन आला. दोर बांधून, शिव्या घालत त्यानं गाडी मागे ओढली. पाणी तोवर दारांच्या खालच्या कडेला लागलं होतं. मागचा बंपर वाकला. शिव्या त्यानं वेल्शमध्ये घातल्या, त्यामुळे थेल्माला प्रत्युत्तर देता आलं नाही, याचं तिला आजही वाईट वाटतं.

फोन आला तेव्हा मी हॅरल्डपाशीच होते. त्यानं पहिल्याच घंटीला उचलला. बराच वेळ ऐकत होता. मग म्हणाला, "पाणी कुठपर्यंत?" पुन्हा ऐकलं. "गोड्या पाण्याची नळी मागून घे. खालून मारायला सांग, चाकांच्या आत, सगळीकडे. आत्ता. वाळण्याच्या आत." मग तो खाली स्टुलावर बसला. "आणि तू? तुला कुठे लागलंय?... नाही, मी ओरडत नाहीये. थेल्मा, मी ओरडत नाहीये. पोरीला डॉक्टरला दाखव आणि दोघी घरी या."

दिवेलागणीला त्या गाडी घेऊन आल्या. हेदरच्या कपाळावर पट्टी. थेल्मा रेनकोटसकट भिजलेली, केसांत वाळू. हॅरल्ड तिच्याजवळ गेला, तिचे दोन्ही हात उलटेपालटे करून बघितले, नखं तुटली होती. त्यानं तिला आत नेऊन शेकोटीपुढे बसवलं आणि टॉर्च घेऊन गाडीखाली शिरला.

हेदर गॅरेजच्या दारात घुटमळत उभी होती. "मिस्टर बफ्टन, चूक माझी आहे. मी चालवायला दिली."

"तिला द्यायला कुणी लागत नाही," खालून आवाज आला.

"मी घेणार आहे गाडी. जाहिरातीतल्या किमतीला, आहे तशी."

हॅरल्ड बाहेर सरकला. चेहऱ्याला तेल आणि वाळू. "आहे तशी मी विकत नाही," तो म्हणाला. "आत मीठ गेलंय. आज चकाकतेय, पण पुढच्या वसंतात गंज बाहेर येईल. नीट केल्याशिवाय ती इथून हलणार नाही."

"मग मी मदतीला येते."

"तुला यातलं काय कळतं?"

"काही नाही. दाखवा की."

आणि ती खरंच येत राहिली, प्रत्येक सुट्टीला. दोघं गाडीखाली शेजारी शेजारी पडलेले असायचे, चार पाय बाहेर. गालिचे काढले, सीटा काढल्या, तळाच्या लाकडी फळ्या वाळवल्या, ब्रेक उघडून धुतले, बंपर सरळ करून आणला. हॅरल्ड इतकं बोलतो हे मला तेव्हाच कळलं. थेल्मा चहा घेऊन जायची आणि तिथेच रेंगाळायची. "झालं का रे? अजून किती?" म्हणायची, आणि कधी कधी, "हळू करा, घाई कसली आहे?" दोन्ही एकाच दुपारी.

नोव्हेंबर संपता संपता काम झालं. हेदरनं किल्ली घेतली तेव्हा थेल्मा बाहेर आली नाही. वरच्या खोलीची खिडकी मात्र उघडी होती. गाडी चढावरून खाली गेली, चौकात गिअर बदलल्याचा आवाज आला, मग तोही गेला. हॅरल्ड रस्त्यावर उभा होता, हातात फडकं आणि पुसायला काही नाही.

त्यानंतरचे आठवडे वाईट गेले. पाऊस थांबत नव्हता. थेल्मा घरात या खोलीतून त्या खोलीत फिरायची, खुर्च्यांना धडकायची, रेडिओ लावायची आणि बंद करायची. एकदा हॅरल्ड जिन्यावर बसलेला दिसला. "ती आतमध्ये येरझारा घालतेय," म्हणाला. "मी मध्ये येतो म्हणून इथे बसलोय."

नाताळच्या आधी एका सकाळी माझ्या दारावर थाप पडली. हॅरल्ड होता. पायांत नवेकोरे जाडजूड बूट, इतके नवे की त्याला नीट उभंही राहवत नव्हतं.

"डोंगरावरच्या जुन्या बांधावरून पायवाट जाते ना, ती कुठून धरायची?"

"तू जाणार? या वाऱ्यात?"

"आम्ही दोघं. दोन दिवसांपूर्वी ती एकटीच निघाली होती, फाटकातून परत आणली. म्हटलं, ती काही थांबायची नाही. मग मीच का थांबायचं?"

मी वाट सांगितली. थेल्मा रस्त्यावर आधीच उभी होती, काठी आपटत. "हॅरल्ड, दिवस मावळेल आता!" सकाळचे नऊही वाजले नव्हते. तो गेला, त्यानं तिचा कोपर धरला, तिनं झटकला, त्यानं पुन्हा धरला. गल्लीच्या टोकापर्यंत त्यांचं भांडण ऐकू येत होतं.

परतले तेव्हा चार वाजून गेले होते. चिखल गुडघ्यांपर्यंत. हॅरल्ड लंगडत होता आणि त्याचे गाल लाल झाले होते. असे लाल मी कधी बघितले नव्हते. मी दोघांना आत बोलावलं. तो खुर्चीत पडला आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागला.

"वरून काय दिसलं?" मी थेल्माला विचारलं.

"मला काय दिसणार? यानं सांगितलं. तीन शब्दांत सांगतो मेला. 'डोंगर. मेंढ्या. ढग.'" ती बसली नव्हती. रेनकोटही काढला नव्हता. खिडकीपाशी जाऊन तिनं मान तिरकी केली, कडेच्या नजरेनं बाहेरच्या अंधुक टेकड्या पकडायला. "बांध पुढे उतरतो आणि नदी लागते म्हणे. नदीच्या पलीकडे काय आहे, हे याला विचारलं तर म्हणतो, माहीत नाही."

"मला माहीत नाही म्हणून नाही म्हटलं," हॅरल्ड म्हणाला. एक बूट निघाला होता.

"मग उद्या लवकर निघू," थेल्मा म्हणाली.

हॅरल्डनं पायाच्या फोडाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मला म्हणाला, "तुझ्याकडे चिकटपट्टी आहे का गं?"